मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: जुन्या बाईकच्या इंजिनवर दोन वर्षं वापरल्यानंतर

दोन वर्षं झाली हा वापरतोय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. डॉक्टरांचा नाही, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे आणि सकाळी चालू केली की हेल्मेट घालायच्या आधी दोन मिनिटं जे नुसते इंजिनकडे कान लावून उभे राहतात त्यांच्यासाठी लिहितोय. गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल तर याच्या भानगडीत पडू नका, सरळ सर्व्हिसला द्या.

माझी गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे. एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्ये (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागात), त्याला फिरवणारी टायमिंग चेन आणि स्क्रूने सेट करायचे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला तुकडा, तिथे बारीक फट ठेवावी लागते). साधं इंजिन, पण साधं इंजिन गप्प बसत नाही. बाजूने पाण्याचं जॅकेट नाही त्यामुळे आतला आवाज अडवायला काही नाही, जे आत वाजतं ते बाहेर ऐकू येतं, वर फिन्स (इंजिन गार राहायला बाहेर काढलेल्या पातळ पट्ट्या) त्यात आपली किणकिण घालतात. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की हे सगळे आवाज एकमेकांत मिसळून कानावर येतात, गाडीच्या उजवीकडे उभं राहिलं की आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि डावीकडे गेलं की डावीकडून.

वस्तू कशी आहे ते आधी सांगतो. कानात घालायचे दोन तुकडे, त्यांना जोडलेली रबरी नळी आणि नळीच्या टोकाला धातूची छोटी गोल डबी. डबीत पातळ पडदा आहे आणि त्या पडद्याला टेकेल असा साधारण वीतभर लांबीचा स्टीलचा रॉड आट्यांवर बसतो. रॉडचं टोक इंजिनच्या ज्या जागी टेकवाल तिथली थरथर रॉडमधून पडद्यावर येते आणि कानात जाते. बस, बाकी काही नाही, सेल नाही, बटण नाही. १८१६ मध्ये रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून पेशंटच्या छातीवर ठेवली आणि हृदयाचे ठोके ऐकले तिथून स्टेथोस्कोप सुरू झाला, दोनशे वर्षांनी आपण त्याच कल्पनेने क्रँककेस (इंजिनचा खालचा डबा, ज्यात पिस्टनने फिरणारा क्रँक असतो) ऐकतोय, मला हे फार आवडतं.

आता मी हा का घेतला ते. गाडीतून टिकटिक यायला लागली. थंड असताना जास्त, दहा-पंधरा मिनिटं चालवली की कमी, एक्सलेटर दिला की त्याच तालात फास्ट. पहिल्यांदा कोणालाही वाटतं टॅपेट. मी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकला, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून मॅन्युअलप्रमाणे गॅप सेट केला. टिकटिक तशीच. एका मेकॅनिककडे नेली, त्याने परत टॅपेट केले, आवाज तसाच. मग तो म्हणाला थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी म्हणजे पिस्टन वाजतोय, बोअर करावं लागेल (सिलिंडर आतून घासून मोठा पिस्टन बसवायचा), इंजिन उतरवून ठेवा. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पिस्टन सैल झाला की अगदी तसंच होतं, थंड असताना पिस्टन बोअरमध्ये डुलतो आणि आपटतो, गरम झाला की फुगतो आणि आवाज दबतो. लक्षण जुळत होतं. पण गाडी धूर देत नव्हती, ऑईल खात नव्हती, पिकअप ठीक होता, आणि नुसत्या अंदाजावर इंजिन खोलायला माझं मन तयार होईना. तेव्हा हा मागवला.

पहिल्या दिवशी काय केलं ते नीट सांगतो कारण याचा खरा उपयोग इथेच कळतो. गाडी मोकळ्या जागेत मेन स्टँडवर, रात्रभर उभी राहिलेली, थंड. चालू केली, टिकटिक सुरू. रॉडचं टोक इनटेकच्या टॅपेट कव्हरच्या नटवर टेकवलं. कानात एकदम इतका आवाज आला की मी रॉड उचलला. बाहेरून ऐकताना जे हलकं टिकटिक वाटतं ते आतून शिवणयंत्रासारखं वाजतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटणारच की हेड गेलं. मग एक्झॉस्टच्या टॅपेट कव्हरवर टेकवलं. तेच, किंचित जड. मग सिलिंडरच्या खालच्या बाजूला बेसच्या नटवर. तिथे घुमल्यासारखा सलग आवाज, त्यात आपटणं नाही. पिस्टन आपटत असता तर सिलिंडरवर तो ठोका वेगळा कळायला हवा होता, तो नव्हता. मग क्रँककेस, मॅग्नेटची (वीज तयार करणाऱ्या भागाची) बाजू, क्लचची बाजू. सगळीकडे गुरगुर, पण सम. म्हणजे कान उघडे ठेवले की टिकटिक मोठी आणि रॉड लावला की ती कुठेच बाकीच्यांपेक्षा जास्त नाही. अर्धा तास मी गोंधळून गेलो होतो, मध्ये दोनदा गाडी बंद करून थंड होऊ दिली.

मग डबी काढली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितोय, रॉड आणि डबी काढून नळीचं तोंड उघडं ठेवलं की हा हवेतला आवाज ऐकायचं साधन होतो. ते उघडं तोंड घेऊन हेडच्या कडेकडेने, कशालाही न टेकवता, बोटभर अंतरावरून फिरवत गेलो. टॅपेट कव्हरजवळ काही नाही. हेड पॅकिंगच्या रेषेवर काही नाही. आणि सायलेन्सरचा बेंड पाईप हेडला जिथे बसतो तिथे खालच्या बाजूला नळी गेली आणि कानात फट् फट् फट् फट्, कोणी कानात फुंकर मारावी तसं. नळी अर्धा इंच बाजूला केली की गायब, परत आणली की हजर.

तिथे बॅटरी मारून पाहिलं तर काळी काजळी. दोनपैकी एक नट हाताने फिरत होता, कारण हेडमधल्या ॲल्युमिनियमचे आटे झिजून स्टड सैल झाला होता आणि पॅकिंगची रिंग एका बाजूने जळाली होती. एक्झॉस्ट गळत होता, एवढंच. नवी पॅकिंग रिंग, स्टडच्या भोकात नवे आटे बसवून घेतले, टिकटिक संपली. इंजिन खोललं नाही.

यात फसायला का होतं ते मला नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. चार स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो, म्हणजे टॅपेट दोन फेऱ्यांत एकदा वाजतो. १२०० आरपीएमला क्रँक सेकंदाला २० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा टॅपेट सेकंदाला १० वेळा वाजतो. आणि एक्झॉस्टचा दाब पण दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. ताल एकच! वर जॉइंट गरम झाला की धातू फुगून फट थोडी बुजते आणि आवाज कमी होतो, म्हणजे लक्षण पिस्टनसारखं. तालावरून टॅपेट वाटतो, तापण्यावरून पिस्टन वाटतो आणि असतो तिसराच. नुसत्या कानाने हे सोडवणं फार अवघड आहे, जागा शोधल्याशिवाय इलाज नाही, आणि जागा शोधायचं काम हा स्टेथोस्कोप करतो.

मला याचं मोल सगळ्यात जास्त इथे वाटतं. हा तुम्हाला "अमुक पार्ट खराब आहे" असं सांगत नाही. पण कुठला पार्ट ठीक आहे ते एकेक करत सांगत जातो, आणि जुन्या गाडीत इंजिन खोलायचं की नाही हा निर्णय त्यावरच असतो.

याच्यासाठी एक अट आहे, तुमचं इंजिन बरं असताना ऐकून ठेवा. टिकटिक गेल्यानंतर मी एका सकाळी थंड असताना आणि मग चालवून आल्यावर, अशा दोन वेळा, सगळ्या जागा ऐकल्या आणि वहीत लिहिलं. शब्द आपलेच, कोणाला दाखवायचे नाहीत. इनटेक टॅपेट "टकटक, कोरडी". टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट "सरसर, मध्ये खुळखुळ नाही". क्लच कव्हर "घरघर, जात्यासारखी". मॅग्नेट बाजूचं मेन बेरिंग "सलग गुंजन". चेन स्प्रॉकेटच्या बाजूला गिअरबॉक्स "जवळजवळ शांत". आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत, खडखड, खुळखुळ, किणकिण, करकर, घरघर, ठकठक, फुसफुस, आणि प्रत्येकाचा आवाज खरंच वेगळा आहे, मेकॅनिकला सांगताना "आवाज येतोय" म्हणण्यापेक्षा यातला एक शब्द आणि कधी येतो ते सांगितलं तर त्याला अर्धं काम कळतं. या वहीशिवाय नवीन माणसाला रॉडमधून येणारा प्रत्येक आवाज बिघाडाचाच वाटेल.

लावायचा कुठे, तर जाड आणि घट्ट भागावर. बोल्टचं डोकं, नट, बेरिंगच्या जवळची जाड भिंत. फिन्सवर टेकवू नका, त्या पातळ असतात, कशानेही वाजतात. पातळ पत्र्याच्या कव्हरवरपण सांभाळून, ते ढोलकीसारखं काम करतं आणि साध्या आवाजाचा ठोका करून टाकतं. प्रत्येक जागी सारख्याच जोराने दाबा, कारण जास्त दाबलं की आवाज मोठा येतो आणि तुम्हाला वाटतं बिघाड इथेच आहे. एकच जागा ऐकून ठरवू नका, आजूबाजूच्या चार जागांशी तुलना करा. आवाज धातूतून लांब जातो, माझ्या गाडीत टायमिंग चेनचा आवाज हेडपासून खाली क्रँककेसपर्यंत सगळीकडे येतो, कारण चेनचा बोगदा वरपासून खालपर्यंत आहे.

एका मित्राच्या गाडीवर मी स्वतः चुकणार होतो. त्याची पण सिंगल सिलिंडर, आयडलिंगला उजवीकडून जड ठक ठक ठक. बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो ते बेरिंग) गेलं असेल या भीतीने त्याने चार दिवस गाडी बाहेर काढली नव्हती. मी क्लच कव्हरवर रॉड टेकवला आणि आतून जे काय ऐकू आलं, हातोडीने ठोकल्यासारखं, माझ्याही पोटात गोळा आला. मग त्याला म्हटलं न्यूट्रलमध्येच क्लच दाब. दाबला, ठकठक बंद. सोडला, परत सुरू. बिग एंडचा ठोका क्लच दाबून जात नाही, तो क्रँकबरोबर असतो, आणि एक्सलेटर देऊन पटकन सोडला की जास्त उठतो. क्लच हाउसिंगच्या मागचे धक्के शोषणारे डँपर सैल झाले होते आणि आयडलिंग फार खाली ठेवल्यामुळे हाउसिंग प्रत्येक ठोक्याला मागेपुढे हलत होतं. आयडलिंग थोडं वर घेतलं तेव्हा निम्मा आवाज तिथेच गेला. तेव्हा रॉडवर विसंबून राहायचं नाही, क्लच दाबून, एक्सलेटर देऊन-सोडून, थंड-गरम असं बदलत ऐकायचं. क्लच दाबल्यावर जाणारी घरघर असेल तर गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं बेरिंग पण बघा, आणि उलट, दाबल्यावरच येणारा आवाज असेल तर क्लच दाबणाऱ्या बेरिंगकडे लक्ष द्या.

आता याच्या कमतरता, आणि त्या आहेत.

एक म्हणजे गाडी उभी असतानाच ऐकता येतं. लोड आल्यावरच वाजणारे आवाज, म्हणजे चढावर टॉप गिअरला खालच्या आरपीएमला एक्सलेटर दिला की येणारी किणकिण, जे नॉकिंग असतं, ती स्टँडवर येतच नाही. आतला कार्बन, ठिणगीचं टायमिंग पुढे असणं किंवा मिक्स्चर पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असणं यातलं काही असेल तर ते चालवतानाच कळणार, स्टेथोस्कोप तिथे उपयोगाचा नाही.

दुसरं, जे गप्प असतं ते हा सांगू शकत नाही. टॅपेट टाईट झाला तर आवाज येत नाही, उलट गाडी गोड वाजते, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून बाहेर जात नाही आणि तो जळतो. त्यामुळे "स्टेथोस्कोपने ऐकलं, शांत आहे" म्हणून फिलर गेज बाजूला ठेवू नका. तसंच ऑईल. ऑईल कमी असेल किंवा पातळ झालं असेल तर सगळं इंजिन वाजतं, म्हणून ऐकायला बसायच्या आधी लेव्हल बघा. ऑईल बदलताना काढलेलं ऑईल गाळून बघा, त्यात चमक असेल तर चुंबक फिरवा, चुंबकाला चिकटलं तर लोखंड-स्टीलचं, नाही चिकटलं आणि पांढरट असेल तर ॲल्युमिनियम. जड ठोका आणि ऑईलमध्ये चमक दोन्ही असेल तर मग ऐकत बसू नका, गाडी बंद करा आणि खोला.

बनावटीबद्दल. कानात घालायचे तुकडे कडक प्लास्टिकचे आहेत, दहा मिनिटांत कान दुखतात. मी दुसऱ्या स्टेथोस्कोपचे मऊ सिलिकॉनचे लावले, फरक पडला आणि बाहेरचा आवाजही जास्त अडतो. नळी आखूड आहे, इंजिनच्या खालच्या बाजूला ऐकायचं तर गुडघ्यावर बसून मान वाकवावी लागते आणि तोंड चेन स्प्रॉकेटच्या फार जवळ जातं, हे मला धोक्याचं वाटतं. नळी शर्टला घासली तरी कानात मोठा खरखराट येतो, म्हणून ती दुसऱ्या हाताने धरून ठेवावी लागते. आणि महत्त्वाचं, रॉडचे आटे थरथरीने सैल होतात. एकदा सगळ्या जागांवर बारीक झणझण यायला लागली, टॅपेटवर पण, गिअरबॉक्सवर पण, अगदी फ्रेमवर पण. सगळीकडे सारखाच आवाज येतोय म्हणजे तो इंजिनचा असूच शकत नाही, पाहिलं तर रॉड अर्धा आटा सुटलेला. आता प्रत्येक वेळी आधी रॉड घट्ट करतो. कंपनीने तिथे छोटा लॉक नट द्यायला हवा होता.

स्क्रू ड्रायव्हरचं काय, असं विचाराल. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला, ही जुनी पद्धत चालते आणि जुने मेकॅनिक त्यावरच बरोबर सांगतात. पण त्यात डोकं इंजिनच्या जवळ न्यावं लागतं, आणि बाहेरचा आवाज अडत नाही. शिवाय हवेची गळती त्याने कळणारच नाही, माझी टिकटिक मला स्क्रू ड्रायव्हरने कधीच सापडली नसती. मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं, ते आवाज आधी-नंतर ताडून बघायला बरं पडतं पण जागा कळत नाही. इलेक्ट्रॉनिकवाला पण एकदा वापरून पाहिला, चिमट्यासारखे माईक वेगवेगळ्या जागी लावून हेडफोनमध्ये एकेक ऐकायचं. चांगला आहे, चालत्या गाडीचा आवाज पकडायला तोच हवा, पण बाईकवर वायरी गुंडाळत बसणं मला जमलं नाही आणि आवाज इतका वाढवून येतो की सगळंच बिघडलेलं वाटतं.

वापरताना बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. एअर-कूल्ड इंजिनला उभ्या गाडीत वारा लागत नाही, तीन-चार मिनिटांच्या वर चालू ठेवायचं नाही, जास्त वेळ लागत असेल तर पुढे मोठा पंखा लावा. नळी बेंड पाईपला लागली तर वितळते, माझ्या नळीवर तसा एक डाग आहे. आणि ऐकायला बसण्याआधी चेन कव्हर, सायलेन्सरचं शील्ड, नंबर प्लेट, इंजिन माउंटिंगचे बोल्ट, सगळं हाताने हलवून बघा, निम्मे "इंजिनचे" आवाज तिथेच निघतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा रॉडच्या आट्यांचा आणि आखूड नळीचा कापला.

सध्या वहीत एक नवी नोंद आहे. थंड असताना चालू केल्यावर टेन्शनरच्या बोल्टवर पहिले वीस सेकंद खुळखुळ, मग सरसर. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ती खुळखुळ नव्हती. बाहेरून अजून काहीच ऐकू येत नाही. पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी टेन्शनर काढून त्याची स्प्रिंग आणि चेन किती ताणली गेलीय ते बघणार आहे, तोवर दर रविवारी सकाळी सेकंद मोजतोय, या आठवड्यात बावीस झाले.